तुलनात्मक संशोधनाची सुरुवात: उसाच्या दोन पट्ट्यांच्या आधाराने

समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्रात पदव्युत्तर प्रबंध लिहायला बसलेले बरेच विद्यार्थी शीर्षकात 'तुलनात्मक अभ्यास' असे लिहितात आणि प्रत्यक्षात दोन जिल्ह्यांची दोन स्वतंत्र वर्णने एकापुढे एक मांडतात. एका प्रकरणात एक जिल्हा, पुढच्या प्रकरणात दुसरा, त्यानंतर टक्केवारीची कोष्टके आणि शेवटी दोन्हींत काही साम्ये व काही भेद आढळतात, असा निष्कर्ष. त्यामागे मेहनत पुष्कळ असते, पण 'असे का झाले' या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. या कामाची सुरुवात कशी करावी, हे सांगण्यासाठी मी येथे एकच खरा प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरणार आहे: पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी रुजली, तर तितकाच ऊस पिकवणाऱ्या पश्चिम उत्तर प्रदेशात खासगी कारखान्यांचे वर्चस्व का राहिले? माझा आग्रह एवढाच आहे, की एखादी गोष्ट जेथे घडली त्या ठिकाणाला जितका वेळ द्याल, तितकाच ती जेथे घडली नाही त्या ठिकाणाला द्या.

प्रश्न घट्ट करा

ठिकाणे ठरवण्याआधी प्रश्न घट्ट करावा. 'साखर उद्योगातील सहकार' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. तुलनेचा प्रश्न तेव्हा तयार होतो, जेव्हा समजावून घ्यायची गोष्ट काही ठिकाणी आहे आणि काही ठिकाणी नाही, किंवा कमीअधिक प्रमाणात आहे, हे स्पष्ट सांगता येते. आपल्या उदाहरणात एका बाजूला अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) लोणी येथील प्रवरा कारखाना आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले आणि त्यानंतर महाराष्ट्रात सहकारी कारखाने एकापाठोपाठ एक उभे राहिले. दुसऱ्या बाजूला उत्तर प्रदेशात १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने आयात साखरेवर जकातीची भिंत उभी राहताच खासगी गिरण्या झपाट्याने निघाल्या आणि पुढेही उद्योगाची सूत्रे बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती राहिली.

येथेच दोन गोष्टी लिहून काढाव्यात. पहिली म्हणजे, ज्या फरकाचे स्पष्टीकरण द्यायचे तो फरक नेमका कोणता. उत्तर प्रदेशातही सहकारी साखर कारखाने आहेत, त्यामुळे 'तेथे सहकार नाही' असे लिहिले तर पहिल्याच वाक्यात चूक होते; फरक वर्चस्वाचा आहे. दुसरी म्हणजे कालखंड. १९९८ मध्ये साखर उद्योगावरील परवाना पद्धत उठली आणि त्यानंतर महाराष्ट्रातही खासगी कारखान्यांची संख्या वाढली. म्हणून १९३२ ते १९९८ हा कालखंड धरला, तर प्रश्न टिकतो. आजची स्थिती धरली, तर प्रश्नच बदलतो. कालखंडाची चौकट न आखता केलेली तुलना मौखिक परीक्षेत पहिल्याच शंकेला कोसळते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ठिकाणांची निवड

नवख्या अभ्यासकाची सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. तो प्रवरा, कोपरगाव, सांगली आणि वारणा असे चार नावाजलेले सहकारी कारखाने निवडतो आणि त्या सर्वांमध्ये काय समान आहे ते शोधतो. त्याला कालव्याचे किंवा नदीचे पाणी सापडते, स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे लहान-मध्यम शेतकरी सापडतात, गावोगाव पसरलेली एक प्रबळ शेतकरी जात सापडते आणि खंबीर स्थानिक नेतृत्व सापडते. ही चारही निरीक्षणे खरी आहेत. त्यांवरून 'या चार गोष्टींमुळे सहकार रुजला' असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, कारण याच चार गोष्टी जेथे सहकार रुजला नाही तेथेही आहेत की नाहीत, हे कोणी पाहिलेलेच नसते.

आता मुझफ्फरनगर-मेरठचा पट्टा पाहा. पूर्व यमुना कालवा १८३० मध्ये आणि वरचा गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला, म्हणजे दख्खनच्या नीरा डाव्या कालव्याच्याही कितीतरी आधी. उत्तर प्रदेश म्हटले की आपल्याकडे सरसकट मोठी जमीनदारी डोळ्यांपुढे येते, पण या पश्चिम भागातील पुष्कळ गावांत भाईचारा पद्धतीची सामाईक मालकी होती आणि जाट शेतकरी स्वतःची जमीन स्वतः कसत होते. नेतृत्व म्हणावे, तर याच भागातून शेतकरी नेते आणि पुढे पंतप्रधान झालेले चौधरी चरणसिंग पुढे आले. चारही अटी दोन्हीकडे पूर्ण होत असतील आणि परिणाम मात्र वेगळा असेल, तर निदान या चार अटी एवढ्यानेच सहकार रुजत नाही, हे निश्चित होते. चार यशस्वी कारखान्यांचा कितीही खोल अभ्यास केला असता तरी हे कळले नसते.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडलेल्या ज्या पद्धती आपण तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक या नावांनी शिकतो, त्यांचा उपयोग येथे आहे. अन्वयात परिणाम सारखा असलेली, पण इतर बाबतींत भिन्न असलेली ठिकाणे घेऊन त्यांत समान काय ते शोधतात. व्यतिरेकात बहुतेक बाबतींत सारखी, पण परिणामात भिन्न असलेली ठिकाणे घेऊन फरक कोठे आहे ते शोधतात. सुरुवात करणाऱ्याने व्यतिरेकाची जोडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात शोधाचे क्षेत्र आकुंचित होते आणि चूक झाली तरी ती लवकर दिसते.

अशा जोडीला एक-दोन ठिकाणांची पुस्ती जोडता येते. दक्षिण गुजरातेत बारडोली परिसरात सहकारी साखर मंडळ्या चांगल्या रुजल्या आणि १ मे १९६० पर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता. म्हणजे रयतवारीची (शेतकऱ्याकडून सरकारने थेट सारा घेण्याची) आणि मुंबईच्या सहकार खात्याची परंपरा दोन्हीकडे एकच. उलट विदर्भात १९६० नंतर राज्य तेच, सहकार कायदा तोच, सत्ताधारी पक्षही बराच काळ तोच, आणि तरीही तेथील बरेचसे सहकारी कारखाने बंद पडले किंवा विकले गेले. कायदा आणि राज्य सरकार यांना श्रेय देणाऱ्या कोणत्याही स्पष्टीकरणाला विदर्भाला सामोरे जावेच लागेल. ज्यांना प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी सीमेची तुलना हा उत्तम मार्ग आहे: कोल्हापूर जिल्ह्यातील कागल-हातकणंगले आणि पलीकडे बेळगाव जिल्ह्यातील निपाणी-चिक्कोडी. जमीन, नद्या आणि पीक जवळपास सारखे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सरकारे मात्र वेगळी. त्यात एक अडचण आहे, ती आधीच ओळखावी. सीमेवरचा ऊस दोन्ही दिशांना जातो, त्यामुळे एका बाजूचा दर दुसऱ्या बाजूच्या दरावर परिणाम करतो आणि दोन ठिकाणे पूर्णपणे वेगळी राहत नाहीत.

किती ठिकाणे घ्यावीत? पदव्युत्तर प्रबंधासाठी दोन, फार तर तीन. चार कारणे 'आहे' किंवा 'नाही' अशी मांडली, तरी त्यांच्या सोळा जुळण्या होतात आणि दोन ठिकाणे त्यांपैकी दोनच घरे भरतात. उरलेली चौदा घरे रिकामी राहतात. म्हणून दोन ठिकाणांवरून काही कारणे नाकारता येतात, पण एखादे कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पंधरा-वीस कारखान्यांची माहिती हाती असेल, तर चार्ल्स रेगिन यांनी १९८७ मध्ये मांडलेली गुणात्मक तुलनात्मक विश्लेषणाची पद्धत, म्हणजे अशा सर्व जुळण्यांचे सत्यता-कोष्टक मांडणारी पद्धत, शिकून घ्यावी. पहिल्याच प्रबंधात तिच्यामागे धावण्याची गरज नाही.

मोजमाप दोन्हीकडे एकच आहे का

माझ्या मते तुलनेतील निम्मे कष्ट येथे आहेत, आणि येथेच सर्वांत कमी कष्ट घेतले जातात. दोन्ही राज्यांतील सरकारी आकडे एका कोष्टकात शेजारीशेजारी बसले म्हणजे ते तुलनीय झाले, असे होत नाही.

उसाचा दर घ्या. २०२३-२४ च्या हंगामासाठी केंद्राचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफआरपी, क्विंटलला ३१५ रुपये होता, आणि उत्तर प्रदेश सरकारने जाहीर केलेला राज्य सल्लागार दर लवकर पक्व होणाऱ्या वाणांसाठी ३७० रुपये होता. वरवर पाहता तेथील शेतकऱ्याला क्विंटलमागे ५५ रुपये जास्त मिळाले. परंतु ३१५ हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याचा (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा) आहे आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ७ पैसे अधिक मिळतात. उतारा १२ टक्के असलेल्या कारखान्यात हा दर ३६८ रुपये ७३ पैशांवर जातो आणि ५५ रुपयांचा फरक सव्वा रुपयावर येतो. उत्तर प्रदेशाचा दर मात्र उताऱ्याशी जोडलेला नाही. त्यातच महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च बिलातून कापतो, तर उत्तर प्रदेशात शेतकरी ऊस स्वतः तोडून, पर्ची (ऊस आणण्याची चिठ्ठी) आल्यावर, स्वतःच गिरणीच्या फाटकावर किंवा खरेदी केंद्रावर पोहोचवतो. बँक खात्यात जमा झालेली रक्कम दोन्हीकडे विचारून तिची तुलना केली, तर एका बाजूला खर्च वजा झालेला असतो आणि दुसऱ्या बाजूला तो अजून वजा व्हायचा असतो. शिवाय आपल्याकडे शेतकरी दर टनात सांगतो आणि तेथे क्विंटलमध्ये. प्रश्नावलीतच एकक छापून टाकले नाही, तर आकड्यांचा गोंधळ ठरलेला.

दर हेक्टरी उत्पादनाचेही तसेच. महाराष्ट्रातील आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो, तर उत्तर प्रदेशातील वसंत ऋतूतील लागवड दहा-बारा महिन्यांत तुटते. हेक्टरी टनांची तुलना करताना महिन्यांचा हिशेब केला नाही, तर पिकाच्या कालावधीतील फरक शेतकऱ्याच्या कौशल्याच्या खात्यावर जमा होतो. उताऱ्याच्या दीर्घकालीन आलेखातही असाच धोका आहे: को ०२३८ या वाणाने २०१० नंतरच्या दशकात उत्तर प्रदेशाचा उतारा बराच वाढवला आणि पुढे लाल कूज रोगाने त्या वाणाला ग्रासले. संस्थेचा परिणाम मोजायला निघालेल्या अभ्यासकाने वाणाचा परिणाम मोजून परत येऊ नये.

सर्वांत मोठा घोटाळा 'सहकारी संस्थेचा सभासद' या निकषात होतो. महाराष्ट्रात सभासद म्हणजे कारखान्याचा भागधारक. त्याला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत आहे आणि वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. उत्तर प्रदेशात १९३० च्या दशकापासून ऊस उत्पादकांच्या सहकारी गन्ना समित्या आहेत आणि तेथील ऊस उत्पादकही मोठ्या संख्येने सहकारी संस्थेचे सभासद आहेत. त्या समित्या मात्र ऊस पुरवतात, कारखाना चालवत नाहीत, आणि पुरवठा बहुतेक वेळा खासगी गिरणीलाच होतो. 'ऊस उत्पादकांपैकी सहकारी संस्थेचे सभासद किती टक्के' असा निर्देशांक केला, तर दोन्ही पट्टे जवळपास सारखेच सहकारी दिसतील आणि ज्या फरकासाठी अभ्यास सुरू केला तोच कोष्टकातून नाहीसा होईल. यावर उपाय म्हणजे संकल्पनेचे घटक वेगळे करणे: भांडवलात वाटा आहे का, संचालक निवडण्याचा हक्क आहे का, नफा-तोट्यात सहभाग आहे का, आणि ऊस घालण्याचे बंधन आहे का. हे चार प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारले, की खरा भेद कोठे आहे ते आपोआप समोर येते. क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या संकल्पनेचे असे तुकडे एका वहीत करून ठेवावेत.

स्पर्धक स्पष्टीकरणे

यानंतर शक्य तितकी पर्यायी कारणे लिहून काढावीत आणि प्रत्येकासमोर 'हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे' ते लिहावे. समजा कोणी म्हणाले, की मुझफ्फरनगरच्या शेतकऱ्याला गुळाची मंडी जवळ होती, गिरणीने अडवले तर तो ऊस कोल्हूवर, म्हणजे गुऱ्हाळावर, नेऊ शकत होता, म्हणून त्याला स्वतःच्या कारखान्याची निकड भासली नाही. युक्तिवाद आकर्षक आहे. तो खरा असेल, तर गुळाची मोठी पेठ असलेल्या इतर ठिकाणीही सहकार मागे पडलेला दिसायला हवा. कोल्हापूर ही गुळाची नामांकित पेठ आहे आणि सहकारी कारखान्यांचाही बालेकिल्ला आहे. तेव्हा हे कारण एकट्याने पुरेसे नाही. ते ठेवायचे असेल, तर दुसऱ्या कशाशी तरी जोडून ठेवावे लागेल.

दुसरे स्पष्टीकरण क्रमाचे आहे: उत्तरेत खासगी गिरण्या आधी आल्या, जागा भरली, म्हणून सहकाराला वाव राहिला नाही. पण खासगी कारखाने दख्खनमध्येही १९५० च्या आधीपासून होते. बेलापूर कंपनीचे हरेगाव, वालचंदनगर ही उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. फरक त्यांच्या कामाच्या पद्धतीत होता. दख्खनमधील कंपन्या मोठ्या प्रमाणावर खंडाने घेतलेल्या जमिनीवर स्वतःचा ऊस स्वतः पिकवत होत्या, तर उत्तरेतील गिरण्या शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेत होत्या. म्हणजे लोणीच्या शेतकऱ्यापुढे कारखान्याचे फाटकच नव्हते, आणि मुझफ्फरनगरच्या शेतकऱ्यापुढे ते होते, फक्त त्यावर त्याचा ताबा नव्हता. पहिल्याला कारखाना उभा करण्याची निकड होती, दुसऱ्याला भावासाठी सरकारशी आणि गिरणीशी झगडण्याची. पुढे १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने दख्खनमधील खासगी कारखान्यांच्या मोठ्या शेतजमिनी गेल्या, आणि राज्य सरकारने सहकारी कारखान्यांच्या भागभांडवलात वाटा उचलला. ही साखळी मला सर्वांत आश्वासक वाटते, परंतु ती अजून गृहीतक आहे, आणि विदर्भ व दक्षिण गुजरात या दोन्ही ठिकाणी ती टिकते का हे पाहिल्याशिवाय तिला निष्कर्ष म्हणू नये.

अशी साखळी तपासताना घटनांच्या तारखा निर्णायक ठरतात. परवाना आधी की भागभांडवल आधी, कालव्याचे पाणी कधी आले, भाव कधी कोसळला, याचा कालपट दोन्ही ठिकाणांसाठी एकाच कागदावर समोरासमोर काढावा. कारण परिणामाच्या नंतर आलेले दिसले, तर ते तेथेच बाद होते.

ठिकाणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का

१८८८ मध्ये लंडनच्या मानववंशशास्त्रीय संस्थेत एडवर्ड टायलर यांनी अनेक समाजांतील विवाहपद्धतींची तुलना मांडली, तेव्हा फ्रान्सिस गाल्टन यांनी शंका घेतली, की यांतील काही समाजांनी ती रूढी एकमेकांकडूनच उचलली असेल, तर त्यांना स्वतंत्र उदाहरणे कसे म्हणायचे? ही शंका आपल्या विषयाला अगदी लागू पडते. लोणीचे यश पाहून इतर तालुक्यांनी कारखाने काढले. नेते एकमेकांना ओळखत होते आणि सल्ला घेत-देत होते. म्हणून महाराष्ट्रातील दहा यशस्वी कारखाने म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. नंतरच्या कारखान्यांच्या बाबतीत 'का उगवले' यापेक्षा 'कसे पसरले' हा प्रश्न अधिक योग्य ठरतो.

कागदपत्रे आणि क्षेत्रकार्य

पुण्यातील साखर आयुक्तालय, मांजरीची वसंतदादा साखर संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय, लखनौचे गन्ना आयुक्त कार्यालय, जिल्हा गॅझेटिअर आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका हे नेहमीचे स्रोत आहेत. त्यांपेक्षाही उपयोगी, आणि बहुधा दुर्लक्षित, म्हणजे कारखान्याचा वार्षिक अहवाल. तो सभासदांना वाटला जातो आणि अनेक घरांत जुने अंक पडून असतात. खासगी गिरणीचा तसा अहवाल शेतकऱ्याच्या घरी सापडत नाही, हीसुद्धा नोंदवण्याजोगी गोष्ट आहे, कारण पुराव्याचे प्रमाणच दोन्हीकडे असमान होते. ज्या बाजूचे कागद कमी, त्या बाजूला मुलाखती जास्त घ्याव्यात.

मुलाखतीत 'सहकार यशस्वी का झाला' असे विचारू नये. उत्तरादाखल भाषण मिळते. 'गेल्या हंगामात तुमच्या उसाची नोंद कधी झाली, तोड कधी आली, मधल्या काळात कोणाला भेटावे लागले' असे विचारावे. एका बाजूला शेती गटाचा अधिकारी, चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस) आणि संचालकाचा नातेवाईक ही माणसे उत्तरात येतील. दुसऱ्या बाजूला समितीचा बाबू, गन्ना पर्यवेक्षक आणि पर्चीचे कॅलेंडर येईल. दोन व्यवस्थांत सत्ता कोठे बसली आहे हे या एका प्रश्नातून कळते, आणि तो प्रश्न दोन्हीकडे शब्दशः सारखा विचारता येतो.

मुलाखतींच्या यादीत ऊसतोड मजूर असलेच पाहिजेत. महाराष्ट्रातील तोडणी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेल्या कोयत्यांवर, म्हणजे मजूर जोडप्यांवर, चालते. पश्चिम उत्तर प्रदेशात ती मुख्यतः शेतकरी कुटुंब आणि स्थानिक मजूर करतात. सहकाराचे यश केवळ सभासदाला मिळालेल्या दरावर मोजले, तर तो दर ज्यांच्या श्रमावर उभा आहे ती कुटुंबे हिशेबातूनच वगळली जातात. हा केवळ सहानुभूतीचा मुद्दा नाही. परिणामाची व्याख्या कोणाच्या बाजूने केली यावर तुलनेचा निकाल बदलतो.

लेखन

प्रबंधाची प्रकरणे ठिकाणांनुसार पाडू नयेत, प्रश्नांनुसार पाडावीत. पाणी आणि जमीन हे एक प्रकरण, ऊस विकण्याच्या वाटा हे दुसरे, भांडवल आणि परवाना हे तिसरे. प्रत्येक प्रकरणात दोन्ही पट्टे समोरासमोर यावेत. एवढ्या एका बदलाने वर्णनाचा मोह निम्मा कमी होतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणते कारण बाद झाले आणि कोणते उरले ते दोन वाक्यांत लिहावे. निष्कर्षात कालखंड, भूभाग आणि पीक यांची मर्यादा स्पष्ट सांगावी; उसावरून काढलेले अनुमान दुधाला किंवा सूतगिरणीला लावायचे असेल, तर तो वेगळा अभ्यास आहे. आणि परिशिष्टात ठिकाणे निवडताना कोणती ठिकाणे विचारात घेतली व कोणत्या कारणाने सोडली याची यादी द्यावी, म्हणजे पुढचा अभ्यासक नेमका त्या सोडलेल्या ठिकाणी जाऊन तुमचा निष्कर्ष तपासू शकेल.